युगांडातील शस्त्रक्रिया शिबिराला परिचारिका म्हणून जाताना कोणती तयारी करावी?

सांगलीची_सिस्टर
५ नोव्हेंबर २०२५

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका रुग्णालयात गेली ११ वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका म्हणून काम करते आहे. आमच्याकडील दोन सर्जन आणि बाहेरचे काही डॉक्टर मिळून नऊ जणांचे एक पथक उत्तर युगांडातील गुलू शहराजवळच्या एका लहान रुग्णालयात दोन आठवड्यांच्या मोफत शिबिरासाठी जाणार आहे आणि त्यात माझीही निवड झाली आहे. प्रामुख्याने हर्निया आणि हायड्रोसीलच्या (अंडकोषाभोवती पाणी साचण्याच्या) शस्त्रक्रिया होतील, असे सांगण्यात आले आहे. निघण्याची तारीख १४ जानेवारी ठरली आहे, म्हणजे माझ्या हातात बरोबर दहा आठवडे आहेत. यापूर्वी मी देशाबाहेर कधीही गेलेले नाही.

आयोजकांनी एक पानी सूचनापत्र पाठवले आहे. पिवळ्या तापाची लस घ्यावी, पासपोर्टची प्रत द्यावी, पांढरे टी-शर्ट संस्थेकडून मिळतील आणि सामूहिक छायाचित्रासाठी ते घालावेत, एवढाच मजकूर त्यात आहे. माझ्या शंका त्याहून बऱ्याच अधिक आहेत. हिपॅटायटिस बी लसीचे दोन डोस मी नर्सिंगच्या शिक्षणात असताना घेतले होते, तिसरा राहून गेला आणि नंतर कोणी विचारलेही नाही. आता सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागेल का? मलेरियासाठी कोणती गोळी घ्यावी, याबाबत पथकातच तीन मते आहेत. तिथे सुई टोचली तर नेमके काय करायचे? आणि पथकात भूलतज्ज्ञ एकच असताना टेबले मात्र दोन लावायची आहेत, हे ऐकल्यापासून मला जरा धास्ती वाटते आहे, ती योग्य आहे की अनाठायी?

आईचा विरोध वेगळ्याच कारणासाठी आहे. ऐन संक्रांतीला प्रवासाला निघू नये, असे तिचे म्हणणे आहे. त्यावर मी काही विचारत नाही, पण बाकीच्या प्रश्नांवर अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.


फिजिशियन_पुणे
५ नोव्हेंबर २०२५

सिस्टर, दहा आठवडे पुरेसे आहेत, पण पहिला आठवडा वाया घालवू नका. प्रवासापूर्वीच्या लसींचा सगळा हिशेब मागे मोजून करायचा असतो आणि बहुतेक लोक नेमकी तिथेच चूक करतात.

हिपॅटायटिस बीची मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. राहिलेला तिसरा डोस याच आठवड्यात घ्या आणि त्यानंतर चार ते सहा आठवड्यांनी प्रतिपिंडांची पातळी तपासा. ती १० (एमआययू/मिली) किंवा त्याहून अधिक आली, तर तुम्ही सुरक्षित आहात. कमी आली, तर आणखी डोस देण्यास निघण्यापूर्वी अवधी उरतो. ज्यांनी एकही डोस घेतलेला नाही, अशांसाठी ०, ७ आणि २१ दिवसांचे जलद वेळापत्रक असते आणि त्यांना वर्षभराने चौथा डोस द्यावा लागतो. तुमच्या पथकातील डॉक्टरांनाही हे विचारा, कारण आपली पातळी कधीही न तपासलेले सर्जन मी पुष्कळ पाहिले आहेत. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित रुग्णाची सुई टोचली, तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते, तर एचआयव्हीची साधारण ०.३ टक्के असते. भीती मात्र आपण नेमकी उलट्या प्रमाणात बाळगतो.

पिवळ्या तापाची लस कोणत्याही खासगी दवाखान्यात मिळत नाही. ती केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटनेचे केंद्र आहे. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते आणि २०१६पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरले जाते. युगांडात शिरताना ते दाखवावे लागेलच, पण परत येताना ते जवळ नसेल तर आपल्याच देशात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही जिवंत विषाणूची लस असल्यामुळे अंड्याची तीव्र ॲलर्जी, गर्भधारणा किंवा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे यांपैकी काही असल्यास आधी सांगा. गोवर-गालगुंड-रुबेलाची लसही घ्यायची असेल, तर दोन्ही एकाच दिवशी घ्या, नाहीतर त्यांच्यात चार आठवड्यांचे अंतर ठेवा.

उत्तर युगांडा हा आफ्रिकेतील मेनिंजायटिसच्या (मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाच्या) पट्ट्यात मोडतो आणि जानेवारी म्हणजे तिथला कोरडा ऋतू, म्हणजेच त्या आजाराचाही हंगाम. त्यामुळे त्याला कारणीभूत असलेल्या मेनिंगोकॉकस जिवाणूच्या चार प्रकारांवर चालणाऱ्या लसीचा एक डोस डिसेंबरात घ्यावा. टायफॉइड आणि धनुर्वात या लसी तुमच्या नोंदी पाहून ठरवता येतील. रेबीजचे दोन डोस, सात दिवसांच्या अंतराने, मी स्वतः घेतले असते, कारण गावात कुत्रे चावल्यावर तिथे रेबीजचे इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) वेळेवर मिळेलच, याची शाश्वती नसते.

आता मलेरिया. आपल्याकडे क्लोरोक्विनची जी सवय आहे, ती इथेच ठेवून जा. युगांडात वर्षभर आणि जवळपास सर्वत्र मलेरिया असतो, तोही बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, ज्याला क्लोरोक्विन दाद देत नाही. गुलूच्या दक्षिणेला असलेल्या अपाच जिल्ह्यात या शतकाच्या सुरुवातीला झालेल्या मोजणीत माणशी वर्षाला दीड हजारांहून अधिक संसर्गक्षम डास चावतात, असे आढळले होते. म्हणून गोळी न घेण्याचा पर्याय उरत नाही. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल उत्तम, पण ते भारतातील औषध दुकानांत क्वचितच मिळते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच घ्यावे लागते, परंतु ज्यांना नैराश्याचा, चिंतारोगाचा किंवा फिट्सचा इतिहास आहे, त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. राहिली डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम: रोज एक, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते तो देश सोडल्यानंतर पूर्ण चार आठवड्यांपर्यंत. ती जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडव्या होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला व्रण होतो. उन्हात त्वचा लवकर भाजते आणि स्त्रियांना योनीमार्गात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून त्याचे औषध सोबत असू द्या. अर्थात, तुमचा पूर्वइतिहास मला माहीत नाही, तेव्हा गोळी तुमच्या डॉक्टरांनी तपासूनच लिहून द्यावी.

सुई टोचली तर जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. ती पिळू नका आणि त्यावर स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नका. रुग्णाची एचआयव्ही आणि हिपॅटायटिसची तपासणी त्याच्या संमतीने लगेच करून घ्या. युगांडात प्रौढांमधील एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ५ टक्के आहे, त्यामुळे निकालाची वाट न पाहता पहिली गोळी शक्य तितक्या लवकर, दोन-चार तासांत, घ्यावी. ७२ तास उलटल्यावर तिचा उपयोग राहत नाही. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर असा २८ दिवसांचा कोर्स असतो. ही औषधे तिथल्या सरकारी व्यवस्थेत उपलब्ध असतात, पण रविवारी रात्री कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे आधी ठाऊक नसते. पथकाने निदान आठवडाभराचा साठा स्वतःजवळ ठेवावा आणि तो कोणाच्या बॅगेत आहे, हे नऊही जणांना माहीत असावे.


भूलतज्ज्ञ_नाशिक
६ नोव्हेंबर २०२५

सिस्टर, तुमची धास्ती अजिबात अनाठायी नाही. आफ्रिकेतील अशा पाच शिबिरांत मी भूल दिली आहे. एक भूलतज्ज्ञ आणि दोन टेबले हे गणित जिथे जिथे मांडले जाते, तिथे काही दिवसांनी थिएटरमध्ये एक वाक्य ऐकू येतेच: "सिस्टर, स्पायनल देऊन झाले आहे, तुम्ही फक्त लक्ष ठेवा." स्पायनलनंतरची, म्हणजे पाठीच्या कण्यात दिलेल्या भुलीनंतरची, पहिली वीस-पंचवीस मिनिटे रक्तदाब झपाट्याने खाली येऊ शकतो, भूल वर चढली तर श्वासही मंदावतो, आणि त्या वेळी जो माणूस लक्ष ठेवतो, त्याला उपचारही करता यायला हवेत. जे काम तुम्ही सांगलीत करत नाही, ते गुलूत करू नका. हे तिथे रुग्णासमोर बोलून दाखवणे अवघड जाते, म्हणून आत्ताच पथकप्रमुखांना लेखी विचारा की दुसऱ्या टेबलावर भूल कोण देणार. त्या देशात भूल देण्याचे बरेचसे काम डॉक्टर नसलेले, पण त्यासाठी खास प्रशिक्षण घेतलेले भूल अधिकारी करतात आणि त्यांचा हात आपल्याहून अधिक बसलेला असतो. यजमान रुग्णालयाकडे असे कोणी असेल आणि ते पूर्ण वेळ मिळणार असतील, तर प्रश्न मिटतो. नसतील, तर टेबल एकच.

नोंदणीचा विषय कोणी काढलेला दिसत नाही. डॉक्टरांना युगांडाच्या वैद्यकीय परिषदेकडून आणि परिचारिकांना तिथल्या परिचारिका व सुईण परिषदेकडून तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. त्यासाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचे नोंदणी प्रमाणपत्र आणि चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागेल आणि तो मिळण्यास वेळ जातो. 'सेवाच करायची आहे, तिथे कोण विचारतो' असे म्हणणाऱ्या आयोजकापासून चार हात दूर राहावे, कारण रुग्ण दगावला की सगळेच विचारतात. औषधांचेही तसेच आहे. केटामीन, मिडाझोलम, ट्रॅमाडॉल ही आपल्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली येणारी औषधे सामानात घालून नेण्याचे धाडस कोणी सुचवले, तर स्पष्ट नकार द्या. ती यजमानांनीच पुरवायची असतात. दान म्हणून नेलेली औषधे पोहोचताना निदान वर्षभर मुदतीची असावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. आपल्याकडे मात्र मुदत संपत आलेला माल खोक्यात भरून 'आफ्रिकेसाठी' म्हणून वेगळा ठेवण्याची खोड अजून गेलेली नाही.

थिएटरमधल्या गोष्टी तुम्हाला मी काय सांगाव्यात, पण परक्या ठिकाणी सवयी निसटतात, म्हणून लिहितो. स्वतःच्या मापाचे ग्लोव्हज आणि डोळ्यांवरचे संरक्षण इथूनच न्या आणि दोन जोड चढवण्याची सवय आजपासून लावा. धारदार वस्तू हातातून हातात न देता किडनी ट्रेमधून द्यायची, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ठरवून टाका. सुया मोडण्याचे आणि जाळण्याचे तिथे काय होते, ते पाहून घ्या, कारण आपण टाकलेली सुई दुसऱ्या दिवशी तिथल्या सफाई करणाऱ्या मावशींच्या हातात जाते. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र, गॅसवर किंवा लाकडावर चालणारा असू शकतो. त्यात ठेवायच्या सामानाच्या ड्रमवरची टेप काळी पडली म्हणजे ड्रम तापला इतकेच कळते, आतले सामान निर्जंतुक झाले असे नव्हे. म्हणून आत ठेवायचे रासायनिक निर्देशक सोबत न्या. वीज जाईल, हे गृहीत धरा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विजेवरच चालतो, तेव्हा भरलेला सिलिंडर, त्याची किल्ली आणि कृत्रिम श्वास देण्यासाठी हाताने दाबायची अंबू बॅग या तीनही गोष्टी टेबलाजवळ दिसल्याशिवाय केस सुरू होऊ देऊ नका. २००८पासून जी शस्त्रक्रिया सुरक्षा यादी आपण वापरतो, तिचे तीनही टप्पे तिथे मोठ्याने वाचा. भाषा वेगळी आणि एकाच दिवशी आठ जणांच्या हर्नियाच्या शस्त्रक्रिया, अशा स्थितीत डावी-उजवी बाजू चुकायला एक क्षण पुरतो.

एक घटना सांगतो. माझ्या दुसऱ्या शिबिरात शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत शस्त्रक्रिया चालल्या आणि संध्याकाळी आयोजकांनी निरोपाचे जेवण ठेवले होते. रात्री एका हायड्रोसीलच्या रुग्णाला रक्तस्राव सुरू झाला. वॉर्डातील परिचारिकेच्या हाती जी केस फाइल होती, तिच्यात शस्त्रक्रियेचे टिपण मराठी वळणाच्या घाईच्या इंग्रजीत अडीच ओळींचे होते आणि त्यावर संपर्क क्रमांक नव्हता. ती बिचारी दोन तास आम्हाला शोधत होती. रुग्ण वाचला, पण ते श्रेय तिचे आणि तिथल्या एका तरुण डॉक्टरचे होते, आमचे नव्हे. तेव्हापासून माझी अट असते की शेवटचे दोन दिवस शस्त्रक्रिया करायच्या नाहीत, फक्त राउंड घ्यायचे, टाके पाहायचे आणि प्रत्येक रुग्णाची जबाबदारी नाव घेऊन तिथल्या डॉक्टरांकडे सोपवायची. ही अट न मानणारी दोन निमंत्रणे मी नाकारली आहेत.

जाता जाता, निरोप समारंभात तुम्हाला डॉ. कोटणीसांचे नाव नक्की ऐकवले जाईल. सोलापूरचा हा तरुण १९३८मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, हे सगळेच सांगतात. तो तिथेच १९४२मध्ये, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी गेला, हे भाषणात सहसा गाळले जाते. जाणाऱ्या माणसाच्या प्रकृतीची चौकशी पुष्पगुच्छाआधी व्हावी, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. पथकातील प्रत्येकाचे रक्तदाब, मधुमेह, नेहमीची औषधे आणि रक्तगट एका कागदावर लिहून घ्या.


साधा_प्रश्न
६ नोव्हेंबर २०२५

सर्वांची माफी मागून विचारतो. इतक्या लसी, इतके विमानभाडे आणि इतकी जोखीम पत्करून युगांडाला जाण्यापेक्षा हेच नऊ जण मेळघाटात किंवा गडचिरोलीत दोन आठवडे का जात नाहीत? तिथे हर्निया होत नाहीत का?


भूलतज्ज्ञ_नाशिक
६ नोव्हेंबर २०२५

प्रश्न रास्त आहे आणि मी दोन्हीकडे गेलो आहे. उत्तर युगांडात हत्तीरोगाच्या जंतांमुळे हायड्रोसीलचे रुग्ण वर्षानुवर्षे साचलेले असतात आणि तिथल्या मोजक्या सर्जनांचा सगळा वेळ सिझेरियन आणि अपघातांत जातो, म्हणून यजमानांनी मागणी केली असेल तर जाण्यात अर्थ आहे. मागणी त्यांची आहे की आयोजकांची हौस, हे मात्र तपासावे. मेळघाटात जायला लागणारी तयारी हा स्वतंत्र धागा होईल आणि तो तुम्ही सुरू केलात, तर मी तिथेही लिहीन.


कंपालाकर
७ नोव्हेंबर २०२५

मी डॉक्टर नाही; चौदा वर्षे कंपालामध्ये एका कारखान्यात अभियंता आहे आणि मूळचा साताऱ्याचा. ताई, वरचे सगळे वाचले, पण कोणीही तारखेकडे पाहिलेले दिसत नाही, म्हणून तातडीने लिहितो आहे. तुम्ही १४ जानेवारीला निघणार आणि १५ जानेवारी २०२६ रोजी युगांडात राष्ट्राध्यक्षपदाचे व संसदेचे मतदान आहे. तुमचे पथक एंटेबे विमानतळावर उतरेल, त्या दिवशी दुकाने बंद असतील, रस्तोरस्ती लष्कर असेल आणि पुढचे काही दिवस निकालाचे असतील. २०२१मध्येही मतदान १४ जानेवारीला होते. तेव्हा आदल्या संध्याकाळी इंटरनेट बंद करण्यात आले आणि ते पाच दिवसांनी सुरू झाले. घरी मी फोनवर दोन वाक्ये बोलून सुखरूप असल्याचे कळवले होते. विविध पातळ्यांवरच्या मतदानाचा एकूण कालावधी १२ जानेवारी ते ९ फेब्रुवारी असा जाहीर झालेला आहे. बाहेरून आलेल्या वैद्यकीय पथकाला या काळात कोणी मुद्दाम त्रास देईल असे नव्हे, पण रक्त मागवायचे असेल, रुग्ण हलवायचा असेल किंवा स्वतः बाहेर पडायचे असेल, तर रस्ता आणि फोन या दोन्ही गोष्टी लागतात, आणि नेमक्या त्याच बंद पडू शकतात. माझे स्पष्ट मत असे की शिबिर फेब्रुवारीच्या मध्यानंतर ठेवावे. आईंची संक्रांतीची हरकत या निमित्ताने आपोआप मिटेल.

कंपाला ते गुलू हे अंतर सुमारे ३३० किलोमीटर आहे आणि गाडीला साडेपाच-सहा तास लागतात. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे आपल्याला उगाच आत्मविश्वास येतो. हाच रस्ता पुढे दक्षिण सुदानला जातो, म्हणून त्यावर मालमोटारींची रीघ असते, रात्री बिनदिव्यांची वाहने रस्त्यातच बंद पडून उभी असतात आणि रात्रीच्या बस बेभान धावतात. परदेशी गेलेली माणसे डासांपेक्षा रस्त्यावरच अधिक मरतात, हे तुमचे डॉक्टरही मान्य करतील. विमान रात्री उतरत असेल, तर एंटेबेलाच मुक्काम करा आणि सकाळी निघा. सीटबेल्ट असलेली गाडी आणि ओळखीचा चालक यजमानांनी द्यावा, असे आधी ठरवा. करुमाच्या पुलावर नाईल नदी ओलांडताना बबून माकडे गाडीजवळ येतात, तेव्हा काच खाली करू नका. बोडाबोडा म्हणजे भाड्याची मोटारसायकल. ती स्वस्त आहे, सोयीची आहे, सर्वत्र आहे, आणि तिच्यावर तुम्ही बसायचे नाही. सुटीच्या दिवशी कोणी तळ्यात किंवा व्हिक्टोरिया सरोवरात पाय बुडवायला बोलावले, तर काठावरूनच पाहा. गोड्या पाण्यातील गोगलगायींमुळे पसरणारा बिलहार्झिया हा जंतांचा आजार इथे सर्रास होतो.

डॉलरच्या नोटा नव्या, स्वच्छ आणि मोठ्या रकमेच्या आणा. जुन्या किंवा पेनाने लिहिलेल्या नोटा इथे कोणी घेत नाही आणि लहान नोटांना दर कमी मिळतो. आपल्या गोल पिनांचा प्लग इथल्या चौकोनी तीन पिनांच्या सॉकेटमध्ये बसत नाही, तेव्हा ॲडॉप्टर आणा, थिएटरमधल्या उपकरणांसाठीही. फेसबुक इथे २०२१पासून बंद आहे, म्हणून घरच्यांना त्यावर वाट पाहायला लावू नका. इथली वेळ भारतापेक्षा अडीच तास मागे असते. विमा घेताना विमानाने दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे पाहा, कारण गंभीर रुग्णाला इथून बहुधा नैरोबीला नेतात. तिथली १९५७पासून चालत आलेली फ्लाइंग डॉक्टर्स सेवा त्यासाठीच ओळखली जाते. भारतीय उच्चायुक्तालयाला पथकाची यादी आणि मुक्कामाचा पत्ता आधी ईमेलने कळवून ठेवा.

इबोलाबद्दल तुमच्या घरी कोणीतरी विचारेलच. २०२२मध्ये मुबेंडे भागात साथ आली होती, ती पुढच्या जानेवारीत संपली. या वर्षी ३० जानेवारीला कंपालातच पुन्हा साथ जाहीर झाली आणि तिचा पहिला ज्ञात रुग्ण एक परिचारक होता; एप्रिलअखेरीस तीही संपली. दोन्ही साथी सुदान जातीच्या विषाणूच्या होत्या आणि बाजारात असलेली इबोलाची लस त्या जातीवर चालत नाही. निघण्याच्या आठवड्यात युगांडाच्या आरोग्य मंत्रालयाची निवेदने पाहा. साथ जाहीर झाली असेल, तर नियोजित शस्त्रक्रियांचे शिबिर आपोआपच रद्द व्हायला हवे. तुम्ही गुलूला जात आहात म्हणून हेही सांगतो: २००० साली तिथल्या साथीत ४२५ जणांना लागण झाली आणि २२४ जण मरण पावले. लाकोर येथील सेंट मेरीज रुग्णालयाचे प्रमुख डॉ. मॅथ्यू लुक्विया यांनी साथ ओळखून रुग्णांसाठी वेगळा कक्ष उभा केला आणि त्याच डिसेंबरात ते स्वतः तिला बळी पडले. एका रात्री बेभान झालेल्या रुग्णाला आवरायला ते धावले, तेव्हा डोळ्यांवर संरक्षण नव्हते आणि तेव्हाच लागण झाली असावी, असे मानले जाते. गुलूत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. थिएटरमध्ये डोळे झाकण्याचा आग्रह तुम्ही धरलात, तर तिथली माणसे तुम्हाला घाबरट म्हणणार नाहीत.

आणि एक शब्द शिकून या: 'अप्वोयो'. गुलूकडच्या अचोली भाषेत त्याने नमस्कारही होतो आणि आभारही.


सांगलीची_सिस्टर
१९ नोव्हेंबर २०२५

सर्वांचे मनापासून आभार. कंपालाकर दादा, मतदानाची तारीख पथकात कोणालाही माहीत नव्हती. मी ती बैठकीत सांगितली, तेव्हा प्रथम 'आपल्याला काय त्याचे' असा सूर निघाला, पण २०२१चे इंटरनेट बंद झाल्याचे सांगितल्यावर आमच्या ज्येष्ठ सर्जनांनी यजमानांना ईमेल पाठवला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले की त्यांनाही फेब्रुवारीच सोयीचा आहे, परंतु पाहुण्यांनी तारीख ठरवलेली असल्यामुळे त्यांनी संकोचाने सुचवले नव्हते. आता निघण्याची तारीख १८ फेब्रुवारी आणि परतीची ५ मार्च ठरली आहे.

भूलतज्ज्ञ सर, तुमचे प्रश्न मी लेखी विचारले. यजमान रुग्णालयात एक भूल अधिकारी आहेत, पण रात्रीच्या सिझेरियनची जबाबदारीही त्यांच्यावरच असते, त्यामुळे ते दिवसा पूर्ण वेळ मिळणार नाहीत. टेबल एकच लावायचे ठरले आहे आणि शस्त्रक्रियांचा आकडा जवळपास निम्म्यावर आला आहे. आयोजक थोडे नाराज आहेत, कारण मोठा आकडा त्यांनी पत्रकात आधीच छापला होता. शेवटच्या दोन दिवसांची अट यजमानांच्या मेट्रनना (मुख्य परिचारिकेला) इतकी पटली की त्यांनी वॉर्डातील दोन परिचारिकांना पहिल्या दिवसापासून माझ्यासोबत थिएटरमध्ये ठेवायचे कबूल केले आहे. नर्सिंग कौन्सिलकडे अर्ज केला आहे. हिपॅटायटिसचा तिसरा डोस ७ तारखेला आणि पिवळ्या तापाची लस काल घेतली. दंड जरा दुखतो आहे, एवढेच. पथकातील दोघांनी तर हिपॅटायटिसचा एकही डोस घेतलेला नव्हता, त्यांनी जलद वेळापत्रक सुरू केले.

फिजिशियन सर, दोन शंका उरल्या आहेत. परत आल्यावर ताप आला तर किती दिवसांपर्यंत मलेरियाचा संशय धरायचा? आणि मी रक्तक्षयासाठी लोहाच्या गोळ्या घेते, त्या डॉक्सिसायक्लिनबरोबर चालतील का?


फिजिशियन_पुणे
२० नोव्हेंबर २०२५

फाल्सिपेरमचा ताप बहुधा पहिल्या महिन्यात येतो, परंतु तीन महिन्यांपर्यंत, म्हणजे तुमच्या बाबतीत जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, कोणताही ताप आला तरी त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरीही घ्या. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. जूनमध्ये आपल्याकडे पाऊस सुरू होतो, डॉक्टरांच्या मनात आधी डेंग्यू येतो आणि युगांडाचे नाव तुम्ही स्वतः घेतले नाही, तर कोणी विचारत नाही. परतल्यावरच्या पहिल्या २१ दिवसांत ताप आला, तर इबोलाचीही शंका धरावी लागते, म्हणून दवाखान्यात जाण्याआधी फोन करून तुम्ही कुठून आलात ते सांगा, म्हणजे तिथल्या लोकांना तयारीत राहता येईल.

लोहाच्या गोळीने डॉक्सिसायक्लिनचे शोषण कमी होते. डॉक्सी सकाळच्या न्याहारीनंतर आणि लोह रात्री, असे अंतर ठेवा. आम्लपित्ताच्या औषधांनाही हाच नियम लागू आहे. तुमच्या नव्या तारखांप्रमाणे पहिली गोळी १६ फेब्रुवारीला आणि शेवटची २ एप्रिलला येते. मधे १९ मार्चला पाडवा आहे. घरी आल्यावर नेमकी याच सुमारास लोक गोळी सोडतात, म्हणून तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा. दुधातल्या कॅल्शियमनेही शोषण थोडे कमी होते, तेव्हा त्या दिवशीचे श्रीखंड गोळीनंतर दोन तासांनी.